शेण, लीद, लेंडी आणि उरलेली ‘घाण’

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : पाळीव प्राण्यांची विष्ठा आणि त्यांच्या अंथरणाचे बागेसाठी खत करण्याबाबत.



प्राण्यांच्या विष्ठेची मराठी भाषेने केलेली वाटणी मोठी अर्थपूर्ण आहे. गाई-म्हशींचे ते शेण, घोड्या-गाढवांची ती लीद, शेळ्या-मेंढ्यांच्या आणि सशांच्या त्या लेंड्या, पाखरांची ती शीट; यांतील बहुतेक शब्दांना खताचा, जळणाचा किंवा सारवणाचा काही ना काही व्यवहार चिकटलेला आहे आणि तो होता म्हणूनच त्यांना वेगवेगळी नावे मिळाली. कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला असे नाव आले नाही. त्यांची ती नुसती ‘घाण’ राहिली. ही वाटणी अडाणी नव्हती, कारण चारा खाणाऱ्या जनावराच्या पोटातून बाहेर पडते ते बहुतांशी अर्धवट पचलेले गवतच असते, तर मांस खाणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेत माणसाला बाधणारे कृमी आणि जंतू असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, हे अनुभवाने ठाऊक असलेल्या समाजानेच ती केली होती. अडचण एवढीच की शहरातील वस्त्यांमधून गोठे मागे सरकले, सदनिकांमध्ये कुत्री-मांजरे आली आणि ज्या पदार्थाला भाषेनेही नाव दिले नव्हते तो आता रोज सकाळी पदपथावर, उद्यानाच्या कडेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कचरागाडीत पडू लागला.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातील कचऱ्याची ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी केली, घनकचऱ्याच्या व्याख्येत दुग्धव्यवसायातील कचराही घेतला. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेला मात्र त्या व्याख्यांत स्वतंत्र जागा मिळाली नाही. परिणामी घरोघरी ज्याला जे सुचेल ते केले जाते. कोणी ती ओल्या कचऱ्यात टाकतो, कोणी सुक्यात, कोणी कुंडीतल्या गुलाबाला घालतो आणि कोणी परसातल्या सांबारच्या, म्हणजे नागपूरबाहेरच्यांच्या भाषेत कोथिंबिरीच्या, वाफ्यात पुरतो. यांतला शेवटचा प्रकार सर्वांत घातक आहे. या पत्राचे म्हणणे थोडक्यात असे की, शाकाहारी प्राण्यांच्या शेण-लेंड्यांचे खत कोणत्याही घरी होऊ शकते, परंतु कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेचे निर्धोक खत एकट्या घराला सहसा करता येत नाही, कारण त्याला जी उष्णता लागते ती ठराविक आकाराच्या ढिगातच तयार होते. आणि तेवढा ढीग रचणे हे गल्लीचे, वस्तीचे, म्हणजेच पर्यायाने महापालिकेचे काम आहे.

प्रथम धोका नेमका कोणता, ते पाहिले पाहिजे. कुत्र्यांच्या, विशेषतः पिलांच्या, आतड्यात टॉक्सोकारा नावाचे गोलकृमी राहतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून मातीत उतरतात. ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांच्या आत अळी तयार होते आणि मग ती वर्षानुवर्षे टिकून राहू शकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून किंवा नीट न धुतलेल्या पालेभाजीतून ती पोटात गेली, तर त्यांतून निघालेली अळी यकृतापर्यंत आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचते. मांजरांच्या बाबतीत टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी महत्त्वाचा असून गर्भवती स्त्रीला त्याची नव्याने लागण झाल्यास गर्भाला इजा होऊ शकते. विष्ठेतून पडल्यानंतर तो संसर्गक्षम होण्यास साधारण एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे मांजराची पेटी रोजच्या रोज साफ करणे आणि ते काम घरातील गर्भवतीकडे न देणे एवढ्यानेही धोका बराच घटतो. याखेरीज अंकुशकृमी, साल्मोनेला, जिआर्डिया ही मंडळी आहेतच. मुळा, सांबार, पालक यांसारख्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेचे खत का घालू नये, याचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको.

या सर्वांवर उपाय उष्णतेचा आहे, आणि ती सूर्याची नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात ऊनच हे काम करून टाकील, असा एक गोड गैरसमज असतो. प्रत्यक्षात उन्हाने ढिगाची पाठ तेवढी वाळते आणि वाळलेल्या ढिगात जिवाणूंचे काम थांबते. हवी असलेली उष्णता ढिगाच्या पोटात जिवाणूच निर्माण करतात. कर्ब म्हणजे कार्बन हे त्यांचे इंधन आणि नत्र म्हणजे नायट्रोजन हे त्यांच्या वाढीचे अन्न. कर्बाचे पंचवीस ते तीस भाग आणि नत्राचा एक भाग असे प्रमाण, मुठीत दाबल्यावर बोटांमधून एखादा-दुसरा थेंब यावा इतका ओलावा आणि खेळती हवा मिळाली की ढीग दोन-तीन दिवसांत तापू लागतो. आधी मध्यम तापमानात जगणारे जिवाणू काम करतात आणि मग त्यांची जागा उष्णताप्रिय जिवाणू घेतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मैलायुक्त गाळाच्या खतासाठी घालून दिलेला दंडक असा आहे की, उघड्यावर लांबट रचलेल्या ढिगाचे तापमान किमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले पाहिजे आणि तेवढ्या काळात तो पाच वेळा उलटला पाहिजे. उलटण्याचा आग्रह धरण्याचे कारण असे की ढिगाचे पोट तापले तरी त्याची साल थंडच असते, आणि सालीतली अंडी पोटात आणल्याखेरीज मरत नाहीत.

तापमापक नसेल तर खेड्यातली साधी युक्ती उपयोगी पडते. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी आणि बाहेर काढून तिचे टोक मुठीत धरून पाहावे. ते धरवत नसेल तर ढीग तापला, कोमट लागत असेल तर ओलावा, हवा किंवा शेण यांपैकी काहीतरी कमी पडले असे समजावे. डिसेंबरातील सकाळी असा ढीग फावड्याने उघडला की वाफेचा लोट उठतो आणि आतला पाला करड्या राखेसारख्या बुरशीने माखलेला दिसतो. अर्थात सार्वजनिक ढिगाला सळईचा भरवसा पुरेसा नाही. लांब दांड्याचा तापमापक आणि रोजच्या नोंदीची वही या दोन वस्तूंशिवाय कुत्र्यांच्या विष्ठेचा ढीग रचूच नये.

आता आकाराकडे वळावे लागते, कारण सगळा प्रश्न तिथेच अडतो. ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी साधारण एक मीटर असल्याशिवाय त्यात तयार झालेली उष्णता टिकत नाही. मध्यम आकाराच्या कुत्र्याची विष्ठा दिवसाला सुमारे ३४० ग्रॅम धरतात, म्हणजे एका कुत्र्याची वर्षभराची सव्वाशे किलोच्या आत. एका घराने ती बादलीत साठवली तर वर्षभरातही गरम ढीग उभा राहत नाही. उभी राहते ती फक्त माश्यांची पैदास. याउलट एका गल्लीतील वीस कुत्र्यांची विष्ठा महिन्याला दोनशे किलोच्या आसपास भरते, आणि एक घनमीटर ढिगात तिचा वाटा पाचवा हिस्सा ठेवून उरलेले चार हिस्से शेण, पालापाचोळा आणि लाकडाचा भुसा यांचे केले, तर दरमहा एक ढीग तापू शकतो. हे गणित अगदी ढोबळ आहे, तरी घराच्या आणि वस्तीच्या आवाक्यातील फरक दाखवायला पुरेसे आहे.

असा प्रयोग जगात अन्यत्र झालेला आहे. अलास्कातील फेअरबँक्स परिसरात बर्फावर गाड्या ओढणारी कुत्री मोठ्या संख्येने पाळली जातात आणि तेथील मृदा-जलसंधारण विभागाने १९९० च्या दशकारंभी त्यांच्या विष्ठेच्या खताचा अभ्यास हाती घेतला. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००५ मध्ये त्यावर पुस्तिकाही काढली. तीत सांगितलेला मेळ दोन भाग विष्ठा आणि एक भाग लाकडाचा भुसा असा आहे. तयार खत खाण्याच्या पिकांना घालू नये, ही सूचना त्या पुस्तिकेतही आहे. ज्या प्रदेशात हिवाळ्यात जमीन गोठते तिथे हे साधत असेल, तर नागपुरात हवामानाची सबब सांगता येणार नाही.

शिवाय हे शास्त्र परदेशातूनच आणायला हवे असेही नाही. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने जी इंदूर पद्धत बसवली, तिचा पायाच मुळी जनावरांच्या अंथरणावर होता. शेतातील काडीकचरा गोठ्यात बैलांच्या पायांखाली पसरायचा, त्यांच्या तुडवण्याने तो मऊ होऊ द्यायचा, मूत्र मुरलेली गोठ्यातली माती खणून घ्यायची आणि शेण, राख व पाणी यांच्यासह हे सर्व थरांनी रचून तीन वेळा उलटायचे, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत हाती येते. दोघांनी १९३१ मध्ये या कामावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यानंतर खुद्द विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत रूढ केली. तीत दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधतात आणि जेमतेम शंभर किलो शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा मातीच्या थरांसह कुजवतात. जिथे शेण तुटपुंजे आणि पऱ्हाटी, तुराट्या, कुटार भरपूर, अशा वऱ्हाडच्या गरजेतून ही युक्ती जन्मली, यात तिचे मोठेपण आहे.

तरीही कुत्र्या-मांजरांसाठी नाडेप टाके वापरू नये, असे येथे स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. नाडेप टाके एकदा भरून लिंपले की उलटले जात नाही. विटांच्या भोकांजवळचा कचरा हवा खातो खरा, पण तापत नाही. शेणाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. कृमींच्या अंड्यांच्या बाबतीत मात्र सगळेच बिघडते. तेव्हा गोठ्यांचे शेण, ससे-गिनीपिग यांच्या लेंड्या आणि उद्यानांतील पाला यांना नाडेप, आणि मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेला इंदूरच्या तत्त्वाचा उलटता ढीग, अशी विभागणी महापालिकेने करावी. दोन्ही पद्धतींना मराठी माणसांचा हात लागलेला आहे, हा निव्वळ योगायोग असला तरी सांगण्याजोगा आहे.

अंथरणाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण खत होणार की नाही हे बहुधा तेच ठरवते. कुक्कुटपालनाच्या बोलीत जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थराला ‘गादी’ म्हणतात आणि हा शब्द सर्वच प्राण्यांच्या अंथरणाला शोभण्याजोगा आहे. भाताचे तूस, तणस, कुटार, लाकडाचा भुसा, फाडलेले वर्तमानपत्र ही सगळी कर्बाची गादी होय; ती मूत्रातील नत्र शोषून घेते आणि ढिगात गेल्यावर जिवाणूंचे इंधन बनते. कोंबड्यांच्या गादीत नत्र इतके असते की ती थेट झाडाला घातली तर मुळे करपतात, म्हणून ती आधी कुजवावीच लागते. अर्धकच्चे शेणखत घातल्यास हुमणी आणि वाळवी मागोमाग येतात, हे काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला सांगण्याची गरज नाही. शहरातल्या कुंडीवाल्यांना मात्र ते सांगावे लागेल.

मांजरांसाठी विकत मिळणाऱ्या चिकणमातीच्या गादीची गोष्ट वेगळी आहे. ती बेंटोनाइट या खनिजाची असते आणि ओली झाली की फुगून तिचे गोळे बनतात, हाच तिचा गुण म्हणून जाहिरातीत सांगितला जातो. विदर्भाच्या काळ्या कापसाच्या मातीत मुळातच त्याच घराण्यातील फुगणारी-आकसणारी चिकणमाती भरलेली आहे. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या वीत-वीत भेगा तिच्यामुळेच पडतात. रेती, भुसा, खत घालून ही जमीन पोकळ करण्यासाठी जिथे माळ्यांचे आयुष्य जाते, तिथे पुन्हा बेंटोनाइट ओतणे म्हणजे चिखलावर चिखल. अशी गादी ढिगात घेऊ नये. ती कुजत नाही आणि हवेच्या वाटा बुजवते. मांजरपालकांनी लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांची किंवा सोयाबीनच्या चोथ्याची गादी वापरावी, एवढी सूचना त्यांना करणे महापालिकेला सहज शक्य आहे.

कर्बाचा साठा नागपुरात शोधत फिरावा लागणार नाही. लकडगंजच्या आरा मशिनींचा भुसा आहे. मात्र प्लायवूड कापणाऱ्या कारखान्यांचा भुसा त्यातील रासायनिक डिंकामुळे टाळला पाहिजे. पानगळीत उद्यानांतून आणि रस्त्यांवरून उचलला जाणारा पाला आहे, जो जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच दंड लावला आहे. आणि आणखी एक खास नागपुरी जिन्नस आहे : दर उन्हाळ्याच्या तोंडी घरोघरच्या कुलरमधून काढून फेकले जाणारे जुने गवत. मागचा उन्हाळाभर पाणी पिऊन अर्धे कुजलेले हे गवत, त्याभोवतीची प्लास्टिकची जाळी काढून टाकली तर ढिगात हवा खेळती ठेवण्यास उत्तम आहे, आणि मार्चमध्ये ते एकाच वेळी साऱ्या शहरातून बाहेर पडते.

आयुक्तांकडे मागणी मोठी नाही. महापालिकेच्या दहा झोनपैकी एका झोनमध्ये, समजा धरमपेठेत, एखाद्या मोठ्या उद्यानाच्या किंवा रोपवाटिकेच्या कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली तीन कप्प्यांचे एक खतघर उभारावे. छप्पर यासाठी की पावसाळ्यात भिजलेला ढीग थंड पडतो आणि त्याचे काळे पाणी नालीतून नाग नदीला मिळते. पहिल्या कप्प्यात ढीग रचावा, दुसऱ्यात उलटावा आणि तिसऱ्यात किमान सहा महिने मुरू द्यावा. विष्ठा वर्तमानपत्राच्या पुडीतून आणावी. पिशवीच हवी असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाचीच, कारण नुसते ‘पर्यावरणपूरक’ छापलेली पिशवी ढिगात जशीच्या तशी सापडते. पुडी टाकल्यावर तिच्यावर वीतभर भुसा पडलाच पाहिजे, म्हणजे दुर्गंधी आणि माश्या आवरतात. नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयातील परजीवीशास्त्राच्या अभ्यासकांकडून प्रत्येक ढिगाची कृमींच्या अंड्यांसाठी तपासणी करून घ्यावी, आणि तपासणी उत्तीर्ण झालेले खतसुद्धा दुभाजकांवरील झाडांना व शोभेच्या वाफ्यांनाच घालावे. भाजीपाल्याला आणि मुलांच्या खेळाच्या जागेत कदापि नाही. शहरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे नीरी आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय आहे. इतकी ज्ञानकेंद्रे हाताशी असताना एका ढिगाच्या तापमानाचा अभ्यास अवघड जाऊ नये.

काही विष्ठा या ढिगातही येता कामा नये. पार्व्होसारख्या रोगाचा विषाणू उष्णतेला सहजी दाद देत नाही, म्हणून आजारी कुत्र्याची विष्ठा वेगळी ठेवून तिची विल्हेवाट पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लावावी. जंताचे औषध दिल्यानंतरच्या आठवड्यातील विष्ठाही बाजूला ठेवणे शहाणपणाचे, कारण त्या दिवसांत कृमी आणि औषध दोन्ही तिच्यातून पडतात, आणि आयव्हरमेक्टिनसारखी औषधे शेणकिड्यांना मारक ठरतात.

हा विषय हौशी कुत्रेवाल्यांपुरता राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री निर्बीजीकरण व लसीकरण करून निवाऱ्यांत हलवण्याचे आदेश दिले. दोनशे कुत्र्यांच्या एका निवाऱ्यातून वरील हिशेबाने दिवसाला सुमारे ६८ किलो विष्ठा आणि तिच्या जोडीला ओली गादी निघेल. ती रोज कोठे जाणार, हे निवाऱ्याचा नकाशा काढतानाच ठरवले नाही, तर ती शेजारच्या नाल्यात जाईल. ज्या शहरात तान्हा पोळ्याला पोरे लाकडी बैल मिरवतात, तिथे खऱ्या जनावराच्या शेणाचा हिशेब कागदावर नसावा हे एक वेळ समजू शकते. पण नव्याने बांधायच्या निवाऱ्याला ती सवलत नाही.

शेवटी एका गोष्टीबद्दल आग्रह धरावा लागतो. ताजी विष्ठा उचलण्याचे काम सफाई कामगारांच्या माथी मारले जाऊ नये. गांधीवादी कार्यकर्ते आप्पा पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतःला करू द्यावे म्हणून उपोषण केले होते आणि पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात सोनखताचे, म्हणजे मानवी मैल्याच्या खताचे, प्रयोग केले. त्या महाराष्ट्रात आपल्या लाडक्या कुत्र्याची पुडी मालकाने स्वतःच्या हाताने कप्प्यात टाकणे ही फार मोठी अपेक्षा नव्हे. ढीग उलटणाऱ्या कामगाराला हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची लस आणि हात धुण्यासाठी वाहते पाणी मिळाले पाहिजे, आणि ही तरतूद खतघराच्या अंदाजपत्रकात विटांच्या आधी लिहिली गेली पाहिजे.

पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास पहिला ढीग रचला तर तो दिवाळीपर्यंत तापून निवेल, उन्हाळाभर सावलीत मुरेल आणि मृगाच्या आधी रोपवाटिकेच्या वजनकाट्यावर चढेल. त्यासाठी छपराची जागा आणि तापमापक सप्टेंबरच्या आत ठरणे आवश्यक आहे.



नागपूरचा एक बागप्रेमी नागरिक